तिखट डाव आणि थंड डोकें

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंस सोळा-सोळा मोहरे असतात. परंतु मोहरे चालविणारे तुल्यबळ असतातच असें नाहीं. असा विषम सामना पडला म्हणजे दुबळ्यानें काय करावें? तिवशाच्या पारावरचा एखादा जाणता सांगेल, 'डाव गढूळ करावा. घोटाळ्यांत थोराचाही पाय घसरतो.'

तिवशावरून जाणारा हमरस्ता ज्या नागपुरास पोंचतो, तेथील दिव्या देशमुख हिच्यावर २०२५ सालीं असाच प्रसंग आला. जॉर्जियांतील बातुमी येथें महिला विश्वचषक चालू होता. दिव्या १९ वर्षांची, मानांकन १५ वें. उपांत्य फेरींत समोर चीनची तान झोंगयी. २०१७ सालची जगज्जेती, आणि त्याच वर्षीं एप्रिलांत पुन्हां जगज्जेतेपदासाठीं खेळलेली. पहिला डाव बरोबरींत सुटला. दुसरा २३ जुलै रोजीं झाला.

पांढरे मोहरे घेऊन दिव्येनें राजापुढील प्यादें दोन घरें सारलें. तान हिनें सिसिलियन बचाव पत्करला. म्हणजे समोर तेंच प्यादें न आणतां वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें टाकलें. ही सुरुवात तिखट खरी. पांढऱ्यानें घोडा काढून पटाचा मध्य फोडला कीं बहुधा दोन्ही सैन्यें परस्परांच्या राजावर धांवतात, आणि एका खेळीच्या विलंबानें डाव जातो. अशा धांवपळींत ज्याची तयारी दांडगी, त्याचेंच फावतें.

दिव्येनें तो दरवाजा उघडलाच नाहीं. तिनेंही वजिराकडील उंटापुढचेंच प्यादें हलविलें, पण एकच घर. आलापिन या रशियन खेळाडूच्या नांवानें ही खेळी ओळखली जाते. हेतु साधा आहे: वजिरापुढचें प्यादें मध्यावर जाऊन मारलें गेलें, तर त्याची जागा घ्यावयास दुसरें तयार. जुन्या देशी रीतींत प्यादें पहिल्या खेपेसही एकच घर सरकतें. त्या रीतींत वाढलेल्या वऱ्हाडी म्हाताऱ्यास हें पाऊल परकें वाटणार नाहीं.

डाव १०१ खेळ्या चालला. मोहरे गळत गेले, चुका दोन्हीकडून झाल्या. शेवटीं दिव्या जिंकली. पुढें अंतिम फेरींत कोनेरू हंपीस जलद डावांत हरवून तिनें विश्वचषक व ग्रँडमास्टर हा किताब मिळविला.

डाव गढूळ करण्याचा सल्ला अगदींच खोटा नव्हे; पण गढुळांत ज्यास स्वतःस दिसतें, त्यानेंच तो घ्यावा. इतरांनीं पाणी निवळ ठेवावें, आणि थोरास शंभर खेळ्या जागें ठेवावें.