ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मैत्रिणींसाठी



गणपती, नवरात्र, गावची जत्रा आली की आपल्याकडे ऑर्केस्ट्रा ठरतो. सुरुवातीला गणेशवंदना, मग एखादं नाट्यगीत, भावगीत आणि रात्र चढेल तशी लावणी, सिनेमातली गाणी. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलकी, एखाददुसरा गायक, गायिका. ज्या बायकांना शहरातल्या मैफिलीला जाणं कधी जमत नाही, त्यांना नाट्यसंगीत समोर बसून ऐकायला मिळतं ते याच मंचासमोर.

या मंचावर गाणाऱ्या काही जणी आमच्या बचत गटांत आहेत. शिवणकाम करणारीला कोणी विचारत नाही, पण यांना शेजारीपाजारी विचारतात, ‘रात्रीची कुठे जातेस?’ आणि मानधन मागितलं की आयोजक म्हणतात, ‘बघू नंतर.’ आम्ही म्हणतो, शिवण हे काम, पापड हे काम, तसं गाणं हेही काम. मग कामाचे नियम इथेही हवेत.

महाराष्ट्रात बारमधल्या ऑर्केस्ट्राच्या परवान्याला एक अट होती. मंचावर चार बायका आणि चार पुरुष, एवढेच कलाकार. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वाटणी रद्द केली. एकूण आठ जणांची मर्यादा ठेवता येईल, पण त्यात बायका किती आणि पुरुष किती, हे सरकारने ठरवायचं नाही. बाईला जपायचं म्हणून तिचं काम कमी करू नये, काम सुरक्षित करावं, हे आपण यातून घ्यायचं.

म्हणून गाणाऱ्या मैत्रिणींनो, कार्यक्रम घेतानाच मानधन, वेळ आणि परतीची गाडी लिहून घ्या. कागद नसेल तर मोबाइलवर मेसेज मागा आणि तो पुसू नका. थोडी रक्कम आगाऊ घ्या. उघड्यावरचा लाउडस्पीकर रात्री १० ला बंद व्हावा लागतो, सरकारने जाहीर केलेल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सूट असते. त्यामुळे घरी यायची वेळ आधीच ठरवता येते.

कोणी त्रास दिला तर २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा तुमच्यासाठीही आहे. कामासाठी मालकाने दिलेली गाडीसुद्धा कामाचीच जागा धरली जाते. दहापेक्षा कमी माणसं काम करत असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रार ३ महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. लिहिता येत नसेल तर समितीने मदत करायची असते.

आणि ऐकणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी उत्सव समितीत असेल, तर ऑर्केस्ट्रा ठरवताना बैठकीत एवढं नक्की विचारा: गायिकांचे पैसे कधी देणार आणि त्यांना घरी कोण सोडणार?

नमस्कार.