न थांबलेल्या गावांचा प्रवास



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण जिनिंगच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेचे असे आम्ही काही सांगणार नाही. अमरावती-अकोला हा रस्ता एकदा सावकाश पाहिला, त्याची हकीकत तेवढी सांगणार आहोत.

अंतर जेमतेम शंभर किलोमीटरांचे. संघटनेच्या कामासाठी तीस वर्षे आम्ही ते तुडविले, पण एस.टी.त बसावयाचे, डोळे मिटावयाचे आणि सभेच्या गावी उतरावयाचे, एवढाच आमचा प्रवास. बाहेरगावचे पाहुणे आले म्हणजे आम्हीच सांगत असू, ‘वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे? इकडे पऱ्हाटी, तिकडे तूर!’ गेल्या माघात मात्र दोघा सहकाऱ्यांसह एक जुनी जीप घेऊन निघालो आणि नियम केला, की जेथे कोणी थांबत नाही तेथे थांबावयाचे.

पहिली पाहण्याजोगी वस्तू म्हणजे खुद्द तो रस्ता. जून 2022 मध्ये या महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. चहाच्या टपरीवर विचारले, तर तास आणि मिनिटे लोकांना पाठ होती. रात्रंदिवस त्या कामावर 720 माणसे होती, हे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. रस्ता सर्वांनी पाहिला. जूनच्या झळांत उकळत्या डांबराशेजारी उभी राहिलेली माणसे कोणी पाहिली नाहीत. आम्ही तरी कोठे पाहिली होती? त्या आठवड्यात आम्ही याच रस्त्याने दोनदा गेलो होतो!

पुढे मूर्तिजापूर. येथून ‘शकुंतले’चे अरुंद रूळ एकीकडे अचलपूरला आणि दुसरीकडे यवतमाळला जात. अडीच फूट रुंदीची ही वाट इंग्रज कंपनीने घातली ती आपल्या सोयीसाठी नव्हे. कापूस मुंबईला आणि तेथून विलायतेला लवकर पोहोचावा म्हणून. मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेल्या वाफेच्या इंजिनाने तिला 1994 पर्यंत ओढले. ज्या शहराला आपला कापूस गेला, त्याच शहराने हे इंजिन आपल्याकडे पाठविले, हा व्यापार मोठा गमतीचा! शेवटी शेवटी मूठभर माणसे तिकीट देणे, सिग्नल पाहणे, इंजिन जोडणे-सोडणे ही सारी कामे करीत. बसचे भाडे ज्यांना परवडत नसे, त्यांची ही गाडी. ती आज बंद आहे. रुळांलगत एक बाई सरपण वेचीत होती. ती म्हणाली, ‘गाडी व्हती तं माहेर जवळ व्हतं बाप्पा.’

अकोल्याच्या दक्षिणेस बार्शीटाकळीला कालिकादेवीचे हेमाडपंती देऊळ आहे. तेथील शिलालेख शके 1098 चा, म्हणजे इसवी सन 1176 चा. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या त्या दगडांवर हात ठेवला, तेव्हा टाकीचे घाव बोटांना लागले. गड्यांची नावे गेली, काम राहिले.

परंतु ज्याच्यासाठी आज आपला वेळ घेतला, ते गाव दहीहांडा. पूर्णेच्या खोऱ्यातील हा खारपाणपट्टा. पूर्वी येथील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. इंग्रजी अंमलात ते बंद पडले. 6 एप्रिल 1930 रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. मग वऱ्हाडाने काय करावे? ब्रिजलाल बियाणी प्रभृती मंडळींनी आठवडाभरातच, 13 एप्रिलला, दहीहांड्याला विहिरीच्या खाऱ्या पाण्याचे मीठ केले आणि कायदा मोडला. जे पाणी पिकाला चालत नाही आणि तोंडाला लागत नाही, तेच त्या दिवशी हत्यार झाले.

गावात एका म्हाताऱ्याने विचारले, ‘काय पाहाले आले?’ आम्ही सांगितले. तो हसला, एका विहिरीवर घेऊन गेला, पोहरा काढला आणि म्हणाला, ‘घ्या, चाखा.’ जिभेला लावले आणि खरोखर शरम वाटली. दर 1 मे रोजी आम्ही कामगारांना 1886 च्या शिकागोची हकीकत सांगतो. ती सांगावयासच हवी. पण अकोल्यापासून घटकाभराच्या अंतरावरील ही विहीर तीस वर्षांत आमच्या एकाही भाषणात आली नव्हती. इतिहास दूर कोठे तरी घडतो आणि आपण तो केवळ ऐकावयाचा, असे आम्ही न बोलता शिकवीत आलो. आपल्या पाण्यात काही नाही असे ज्याला वाटते, तो हक्क मागावयास कसा उभा राहणार?

परतताना दर्यापूरवरून आलो आणि वलगावला पेढी नदीच्या काठी थांबलो. अमरावतीला आणीत असता 20 डिसेंबर 1956 रोजी गाडगेबाबांनी येथेच देह ठेवला. बाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. आधी गल्ली झाडीत, मग कीर्तन करीत. गाव पाहण्याची ती रीत होती. झाडताना माणसाला जमीन बघावीच लागते.

आम्ही आपल्याला मोठे काही मागत नाही. पुढल्या वेळी अकोल्याला जाल तेव्हा एक तास लवकर निघा आणि मधल्या एका गावी उतरा. मुलांना बरोबर घ्या. दहीहांड्याला गेलात, तर ते पाणी त्यांच्या जिभेला अवश्य लावा. या वर्षी 1 मेची आमची सभा त्या गावी भरावी, अशी खटपट चालू आहे. जमले तर आपणही यावे, एवढे आमंत्रण देतो आणि आपली रजा घेतो.