गर्भ गेल्यानंतरचे दिवस



पहिल्या तीन महिन्यांत एखाद्या स्त्रीचा गर्भ पडला, की पुष्कळ घरांत 'झाले ते झाले' असे म्हणून दोन-तीन दिवसांत तिला पूर्ववत कामास लाविले जाते. परंतु तिच्या देहाचे गर्भारपण त्या दिवशी संपलेले नसते, आणि या गोष्टीची जाणीव घरच्या माणसांना असावी असे मला कळकळीने वाटते.

गर्भ रुजल्यापासून वारेच्या पेशी रक्तात एचसीजी नावाचा स्राव सोडीत असतात, आणि आरंभीच्या आठवड्यांत त्याच्याच बळावर अंडाशयातील पीतपिंड प्रोजेस्टेरॉन निर्माण करून गर्भाशयाचे अस्तर राखतो. हा आधार तुटला, की अस्तर सुटू लागते, गर्भाशय आकुंचन पावतो, ओटीपोटात व कमरेत कळा येतात, आणि अंगावरून जाऊ लागते; ते उत्तरोत्तर कमी होत बहुधा दोन आठवड्यांत थांबते. रक्तातील एचसीजी मात्र समूळ जाण्यास कित्येक आठवडे घेते, आणि म्हणूनच मूल राहिले नाही हे पुरते ठाऊक असलेल्या स्त्रीची लघवीची तपासणी अद्याप दिवस असल्याचेच दाखविते, स्तन हुळहुळतात, मळमळ रेंगाळते. देहधर्मात याहून क्रूर विसंगती मला दुसरी दिसत नाही.

अशा अवस्थेत घागर उचललीस का, पपई खाल्लीस का, अशा जबान्या तिच्याकडून घेणे हा उघड अन्याय होय. कारण पहिल्या तिमाहीत गेलेल्या गर्भांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचीच जुळणी मुळात चुकलेली असते. विश्रांती हा तिचा हक्क आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यानेही, त्याच्या कक्षेतील नोकरदार स्त्रीला दाखला हजर केल्यावर सहा आठवड्यांची पगारी रजा मंजूर केली.

तासाला दोन पॅड भिजतील असा रक्तस्राव लागोपाठ दोन तास राहिला, ताप भरला, किंवा स्रावास दुर्गंधी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एचसीजी ओसरल्यावर अंडाशय पुन्हा कामास लागतो. पाळी बहुधा चार ते आठ आठवड्यांत येते, परंतु बीज तिच्यापूर्वीच, क्वचित दोन आठवड्यांतही, सुटते, तेव्हा इतक्यात पुन्हा दिवस जाऊ नयेत अशी इच्छा असणाऱ्या जोडप्याने पाळीच्या भरवशावर राहू नये. ही पहिली पाळी नेहमीपेक्षा जड जाऊ शकते. आठ आठवडे उलटूनही ती आली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.