कोळशाच्या पृष्ठभागाचा जमाखर्च



कोकणात नारळ फोडला की करवंटी बहुधा चुलीत जाते. तीच करवंटी हवा लागू न देता जाळली आणि त्या कोळशावर ९०० अंशांच्या आसपास वाफ सोडली, तर पाणी गाळण्याचा कोळसा तयार होतो. पाण्यातला रंग, वास तो धरून ठेवतो. कशाच्या बळावर? तर त्याच्या अंगभर बारीक भोके असतात. एका ग्रॅम कोळशातल्या या भोकांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठे जागा व्यापतील! कोळशाचे सारे काम या पृष्ठभागावर चालते.

पण तिथे नुसता कार्बन नसतो; ठिकठिकाणी ऑक्सिजनही चिकटलेला असतो. पाण्यातले शिसे पकडायचे तर हा ऑक्सिजन, विशेषतः आम्लगटांच्या रूपातला, उपयोगी पडतो. म्हणून कोळसा मुद्दाम नायट्रिक आम्लात तापवतात. आता तो ऑक्सिजन खरोखर बसला का, आणि कोणत्या रूपात बसला, हे ओळखायचे कसे? डोळ्यांना दोन्ही कोळसे काळेच.

इथे क्ष-किरण कामाला येतात. प्रकाशाने पदार्थातून इलेक्ट्रॉन का सुटतात, याची उपपत्ती आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडली. तिच्या आधारे स्वीडनमध्ये उप्साला येथे काय सीगबान यांनी रसायनाची परीक्षा करण्याची पद्धत उभी केली व त्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे वडील मान्ने सीगबान हेही क्ष-किरणांच्याच कामाबद्दल नोबेलचे मानकरी. घरचीच विद्या म्हणायची!

पद्धत बाजारहाटासारखी आहे. समजा, गणपतराव १,४८६ रुपये घेऊन बाजाराला गेले आणि परतताना १,२०२ उरले. खर्च किती, हे त्यांना विचारायला नको, २८४. ॲल्युमिनियमपासून निघालेला क्ष-किरण सुमारे १,४८६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट शक्ती घेऊन येतो. कार्बनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन सोडवण्यात २८४ वर थोडी खर्च होते, उरलेली घेऊन तो बाहेर पडतो. निर्वात पेटीत त्याची शक्ती मोजली की खर्च कळला. आणि हा इलेक्ट्रॉन फार खोलातून येऊ शकत नाही. मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाइतक्या थरातूनच काय तो सुटतो. म्हणजे बातमी अगदी वरच्या सालीची.

ऑक्सिजन हा मोठा ओढाळ. शेजारच्या कार्बनच्या इलेक्ट्रॉनांवर तोंड टाकल्यावाचून राहत नाही. त्यामुळे त्या कार्बनचे उरलेले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरले जातात आणि सोडवणूक महाग पडते: एकेरी बंध असेल तर २८६ च्या पुढे, दुहेरी असेल तर २८८ च्या जवळ, आम्लगट असेल तर सुमारे २८९.

मात्र आलेखावर हे उंचवटे सुटे दिसत नाहीत. एकमेकांच्या अंगावर रेललेले असतात. ते वेगळे करण्यातच खरी गोम आहे. निव्वळ ग्रॅफाइटच्या उंचवट्यालाही महाग बाजूला लांब शेपूट असते. ते ध्यानात न घेता दोन्ही बाजू सारख्या धरल्या, की त्या शेपटातून नसलेला ऑक्सिजन ‘सापडतो’. मी स्वतः एकदा असा फसलो आहे. आलेख सुरेख जुळला होता, बरे का! पण ऑक्सिजनचा स्वतःचा उंचवटा ५३२ च्या आसपास येतो, ते वहीचे दुसरे पान मी पाहिलेच नव्हते. तिथे जमा अगदी थोडी होती. शिवाय उघड्या हवेत ठेवलेल्या बहुतेक वस्तूंवर हवेतल्या कार्बनयुक्त द्रव्यांचा पातळ थर बसतो. कोळशाच्या बाबतीत तो आपला कोणता आणि उपरा कोणता, हे सांगणे कठीणच.

आणखी एक अडचण. भोकांच्या आतल्या भिंती या किरणांना फारशा दिसत नाहीत, हायड्रोजन तर मुळीच नाही. म्हणून जोडीला साधी रीतही वापरतात: कोळसा खायच्या सोड्याच्या द्रावणात घालून हलवत ठेवायचा, गाळायचा, आणि किती सोडा खर्ची पडला ते आम्लाने मोजायचे. हा सौम्य सोडा मुख्यतः तीव्र आम्लगटांशीच जुळतो, म्हणून त्यांची मोजदाद होते. दोन्ही आकडे शेजारी मांडले, आणि त्यांत फार अंतर पडले, तर आधी आपली आकडेमोड पुन्हा तपासावी लागते.