संस्थेचे नाव आणि विद्यार्थ्याची जागा

बंगळूर शहराच्या पूर्वेला मारतहळ्ळी नावाची वस्ती आहे. हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या मराठी माणसाला त्यात ‘मराठा’ ऐकू येतो आणि तो उगाच सुखावतो. त्या व्युत्पत्तीच्या वादात मी शिरत नाही. आज तेथे जी मराठी कुटुंबे राहतात ती बाह्य वर्तुळमार्गावरील संगणक-कंपन्यांच्या आश्रयाने आलेली आहेत. कोणी पुण्याहून, कोणी नागपुराहून, कोणी साताऱ्याहून. त्यांची मुले घरात मराठी, जिन्यात कन्नड आणि शाळेत इंग्रजी बोलतात. तथापि, जून महिना उजाडला म्हणजे या घरांत जो प्रश्न उभा राहतो तो दादरच्या किंवा सदाशिव पेठेतल्या प्रश्नाहून मुळीच वेगळा नसतो. नामांकित संस्थेत मिळेल ती शाखा पत्करावी, की नाव लहान असले तरी मुलाला मानवणाऱ्या कॉलेजात जावे?

एके काळी हा निकाल घरातील वडील मंडळी सुपारी कातरता कातरता लावीत असत. आता तो संगणकाच्या पडद्यासमोर लावावा लागतो. आय.आय.टी. आणि एन.आय.टी. यांच्या संयुक्त प्रवेशप्रक्रियेत विद्यार्थ्याने संस्था व शाखा यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लिहून द्यावयाच्या असतात. एक जागा मिळाल्यावरही वरच्या पसंतीची वाट पाहण्याचे त्याने ठरविले आणि पुढच्या फेरीत वरची जोडी मोकळी झाली, तर ती त्याच्या पदरात पडते आणि आधीची हातची जाते. यंत्र या बाबतीत फार प्रामाणिक आहे. चारचौघांना दाखविण्यासाठी जो क्रम आपण लिहू, तोच खरा मानून ते पुढे चालते. पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ, हा दिलासाही आता सर्वत्र उरलेला नाही; काही संस्थांनी ती सोय बंद केली आहे.

मारतहळ्ळीतील एका घरातली गोष्ट सांगतो. मुलगी हुशार, तिला ओढ वनस्पतिशास्त्राची. गच्चीवरच्या कुंड्यांत ती जे उद्योग करते ते पाहून माळ्यालाही नवल वाटावे. तिला एका मोठ्या नावाच्या तंत्रसंस्थेत जागा मिळत होती, परंतु ज्या शाखेत मिळत होती तिच्यात पुढे काय शिकवितात हे तिला सांगता येईना, आणि आग्रह धरणाऱ्या तिच्या वडिलांनाही येईना. दुसरीकडे शहरातल्याच एका जुन्या कॉलेजात विज्ञानाची पदवी, बरी प्रयोगशाळा, आणि आवडता विषय. साताऱ्याहून आलेल्या आजीने मात्र खरे दुखणे नेमके बोलून दाखविले. ती म्हणाली, “अहो, पण लोकांना काय सांगायचे?” या प्रश्नाला हसू नये. परक्या शहरात बस्तान बसविलेल्या कुटुंबाला मुलांच्या संस्थेचे नाव हाच गावाकडे दाखविण्याचा दाखला असतो.

याच बंगळुरात नव्वद वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने एका मोठ्या नावासाठी हट्ट धरला होता. कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन १९३३ साली त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. कमलाबाईंनी तो मानला नाही. त्या बंगळुरास जाऊन समक्ष उभ्या राहिल्या. अखेर एक वर्षाच्या परीक्षणाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. आता हा हट्ट नावाचा होता काय? मला तसे वाटत नाही. जीवरसायनाचे जे काम त्यांना करावयाचे होते, त्याला लागणारी साधने त्या काळी देशात फार थोड्या ठिकाणी होती. आणि आत गेल्यावर त्यांना घडविले ते संस्थेच्या फाटकावरील अक्षरांनी नव्हे, तर श्रीनिवासय्या नावाच्या कडक पण मनापासून शिकविणाऱ्या गुरूने. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे मत पालटले होते.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. नाव म्हणाल तर त्याहून मोठे कोणते? पण तेथेही खरा प्रश्न जागेचा निघाला, अगदी शब्दशः जागेचा. डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले काम करावयाचे टेबल दिवसा त्यांना दिले. नंतर रॉबिन हिल यांच्या हाताखाली वनस्पतींच्या पेशींवर काम करताना त्यांना सायटोक्रोम-सी हे द्रव्य सापडले, आणि १९३९ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. प्रबंध सुमारे चाळीस पानांचा. आपल्याकडे प्रबंध वजनावर तोलणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

म्हणून मोठ्या नावाची निंदा करण्यास मी तयार नाही. त्याने नोकरीचे पहिले दार लवकर उघडते, आणि तुल्यबळ सोबती मिळतात, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु ते नाव तुमच्या मुलाला टेबल, गुरू आणि वेळ देणार आहे काय, हे वेगळे विचारावे लागते. नाव मोठे असले म्हणजे हे तीनही मिळतातच, असे आपण मनात गृहीत धरतो. तेथेच घात होतो.

शिवाय नावे आभाळातून पडत नाहीत. पुरुषोत्तम काशीनाथ केळकर हेही बंगळूरच्या त्याच विज्ञान संस्थेचे विद्यार्थी. त्यांनी डॉक्टरेटसाठी केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड गाठले नाही. लिव्हरपूलसारख्या उद्योगनगरीच्या विद्यापीठात विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यास करून १९३७ साली ती पदवी मिळविली. हेच केळकर पुढे कानपूरच्या आय.आय.टी.चे पहिले संचालक झाले. १९५९ च्या अखेरीस ती संस्था सुरू झाली तेव्हा तिला स्वतःची इमारत नव्हती. हारकोर्ट बटलर तंत्रसंस्थेच्या उपाहारगृहाच्या इमारतीत तिचा संसार मांडलेला होता. आज ज्या नावासाठी मुले दोन-दोन वर्षे शिकवणीच्या वर्गांत घालवितात, ते नाव त्या पहिल्या तुकडीच्या मुलांना ठाऊकच नव्हते. त्यांच्या आजीने लोकांना काय सांगितले असेल?

त्या वनस्पतिवेड्या मुलीच्या वडिलांना मी एवढेच सुचविले की, माहितीपत्रक बाजूला ठेवून दोन्ही ठिकाणी कामाच्या दिवशी जाऊन यावे. प्राचार्यांना भेटण्याची गरज नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठावे. पहिल्या वर्षाला कोण शिकवितो, प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकापाशी किती मुले उभी असतात, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजता बंद होते, आजारी पडल्यावर वसतिगृहात कोण विचारपूस करतो, हे त्यांच्याकडून कळते. यादीतील क्रम लिहावयाचा तो मुलीच्या हाताने, आणि शेजारी कोणी उभे न राहता. आणि शहरातले कॉलेज ठरलेच, तर एखाद्या सोमवारी सकाळी साडेसातला मारतहळ्ळीच्या पुलापाशी दोघांनी उभे राहून पाहावे, की बस किती वेळाने येते आणि तिच्यात पाय ठेवावयास जागा असते की नाही.