मुक्त आज्ञावली आणि अभियांत्रिकीचे आराखडे

(वडोदरा येथे मांडवी परिसरात शिक्षक, अधिकारी व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



लेहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते ज्या मांडवीपाशी मिळतात, तिच्या परिसरात आज आपण जमलो आहोत. येताना मी क्षणभर तिच्या कमानींपाशी थांबलो. कमानीत एक वीट वरचा भार शेजारच्या विटेला देते, ती तिच्या शेजारणीला, आणि असे करीत तो भार जमिनीपर्यंत पोहोचतो. यंत्राच्या भागाची मजबुती संगणकावर तपासतात तीही काहीशी याच रीतीने. भागाचे कल्पनेने हजारो लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकडा शेजारच्यास किती बल देतो आणि स्वतः किती ताणला जातो याची समीकरणे मांडावयाची, व ती सर्व एकत्र सोडवावयाची. अभियंते हिला फायनाइट एलिमेंट पद्धती म्हणतात. हाताने हे काम करावयास आयुष्य पुरणार नाही; संगणकास ते काही क्षणांत साधते.

अडचण गणिताची नाही, ती गणित करणाऱ्या आज्ञावलीच्या मालकीची आहे. विद्यार्थी महाविद्यालयात ज्या आज्ञावलीवर शिकतो, तिचा वार्षिक परवाना लहान कारखानदाराच्या आवाक्यात बहुधा नसतो. मग एक तर चोरीची प्रत वापरावयाची, नाही तर डोळ्यांच्या अंदाजावर काम भागवावयाचे. चोरीच्या प्रतीवर बेतलेला आराखडा उजळ माथ्याने कोणापुढे ठेवावयाचा? चांगले शिकलेली मुले या एका कारणाने गिऱ्हाइकासमोर गप्प बसलेली मी पाहिली आहेत.

यावर उपाय आहे, आणि तो नवा नाही. १९९१ साली लिनस टॉर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स प्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. त्या प्रणालीवर आज अभियंत्याच्या कामाच्या बहुतेक आज्ञावली विनामूल्य मिळतात. फ्रीकॅडमध्ये भागाचे त्रिमिती चित्र काढता येते. त्याची मजबुती तपासणारी कॅल्क्युलिक्स ही आज्ञावली जर्मनीत विमानांची इंजिने बनविणाऱ्या कंपनीतील दोघा अभियंत्यांनी लिहिली. फ्रान्सच्या वीज कंपनीने कोड ॲस्टर २००१ साली खुली केली. हवा व पाणी यांच्या प्रवाहाचे गणित करणारी ओपनफोम २००४ पासून खुली आहे. फुकट मिळणे हा यातील लहान लाभ होय. मोठा लाभ असा की, उत्तर कसे निघाले हे आतील आज्ञा वाचून तपासता येते.

तरीही आंधळा विश्वास नको. एक प्रयोग सांगतो. तो शिक्षकांनी वर्गात अवश्य करावा. ५० मिलिमीटर रुंद व तितकीच जाड अशी पोलादाची चौरस भरीव सळई घ्या. ती एका टोकाशी भिंतीत घट्ट बसविली असून १ मीटर बाहेर आली आहे, असे समजा. मोकळ्या टोकावर १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलोचे ओझे टांगा. सळईचे स्वतःचे वजन सोडून, पाठ्यपुस्तकातील सूत्राने टोक ३.२ मिलिमीटर खाली येते आणि भिंतीपाशी ताण दर चौरस मिलिमीटरला ४८ न्यूटन निघतो. आता हीच सळई फ्रीकॅडमध्ये काढून कॅल्क्युलिक्सने सोडवा. मी प्रथम हे केले तेव्हा तुकडे मोठे ठेवले होते आणि साध्या, सरळ कडांच्या प्रकारचे निवडले होते. वाक खऱ्याहून बराच कमी आला! अशा तुकड्यांस वाकताच येत नाही. ते सळईला आहे त्याहून ताठ दाखवितात. कडांच्या मध्यावर जादा बिंदू असलेले तुकडे निवडताच उत्तर ३.२ च्या जवळ येऊन बसले. पडद्यावरचे रंगीत चित्र मात्र दोन्ही वेळा सारखेच सुबक होते. कागदावरचे उत्तर हाताशी नसते तर मी पहिलेच खरे मानले असते.

आणखी एक इशारा. कॅल्क्युलिक्सच्या गाभ्याला एकके ठाऊक नसतात. मिलिमीटर आणि मीटर यांची सरमिसळ झाली तरी तो निमूटपणे आकडे देतो. तसेच पोलादाचे नियम मांडवीच्या विटकामास लावून चालणार नाही, कारण वीट दाब सोसते, ताण फारसा सोसत नाही. जुन्या वास्तूंचे गणित जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे.

आपल्याकडेही या दिशेने मोलाचे काम झाले आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत पोलादी बांधकामाच्या जोडांसाठी ऑसडॅग ही खुली आज्ञावली तयार झाली. ती भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीप्रमाणे हिशोब करते आणि पायऱ्यांसह अहवाल देते, त्यामुळे तपासणाऱ्या अधिकाऱ्यास प्रत्येक आकडा पडताळता येतो. त्याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरिअल’ उपक्रमातील खुल्या आज्ञावलींचे अनेक पाठ मराठीतही ऐकावयास मिळतात.

मातृभाषेतून तंत्रशिक्षण ही गोष्ट या नगरीस मुळीच नवखी नाही. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख त्रिभुवनदास गज्जर यांचा आग्रह असा की, कारागिराच्या मुलास विद्या त्याच्या भाषेत मिळावी. ते कलाभवन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेच्या रूपाने उभे आहे.

अडचणी आहेतच. मोठे कारखाने पुष्कळदा स्वतःच्या आज्ञावलीतीलच फाइल मागतात. ‘स्टेप’ या सर्वमान्य स्वरूपात चित्र पाठवून काही वेळा निभते, काही वेळा निभत नाही. चूक झाल्यास हाकेसरशी धावून येणारा विक्रेताही येथे नसतो. शिकण्यास वेळ लागतो, हे अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणाचे दिवस ठरविताना ध्यानात घ्यावे.

शेजारच्या खोलीत दोन संगणक मांडले आहेत. दोन्ही जुने आहेत, दोन्हींवर लिनक्स आहे. ज्यांना सळईचा प्रयोग करून पाहावयाचा असेल त्यांनी प्रथम दारापाशी ठेवलेल्या कागदावर ३.२ हा आकडा स्वतः काढावा आणि मगच आत यावे. तेथे भेटू.