मीटर कुणाच्या बाजूचा?
(मेहकरच्या तरुण मेळाव्यातलं भाषण)



मी गोदीत गोण्या उचलतो. सुट्टीत इकडं आलो की आपल्या वस्तीतल्या लग्नांचे फोटो काढतो. कॅमेरा सेकंडहँड, पगारातून पैसे साठवून घेतलेला. दुकानदार म्हणाला, यात सगळं आपोआप होतं.

काय होतं आपोआप? यातला मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करडं आहे असं धरून चालतो. आपली नवरा-नवरी पांढऱ्यात. एवढं पांढरं दिसलं की मीटर उजेड कापतो. साडी करडी होते, पोरीचा चेहरा काळोखात बुडतो. लोक म्हणतात, पोरगीच काळी! नाही बाप्पा, हिशेबच दुसऱ्याचा हाय. एक स्टॉप वाढवा, माणूस दिसतो.

कोडॅकची रंग जुळवायची कार्डं बघा. कित्येक वर्षं त्यांवर गोरी बाईच होती. आणि पोलरॉइड? दक्षिण आफ्रिकेत काळ्यांच्या पासबुकांवरचे फोटो त्यांच्या कॅमेऱ्यानं निघायचे. १९७० साली त्याच कंपनीतल्या कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या दोन काळ्या नोकरदारांनी हे उघड्यावर आणलं, बहिष्कार पुकारला. हंटरची नोकरी गेली. पण १९७७ साली कंपनीला तिथला धंदा गुंडाळावा लागला.

म्हणून पोरांनो, कॅमेरा घ्याल तेव्हा लेन्सला बुरशी लागली का ते बघा, शटर दाबून बघा. आणि उजेड आपल्या हातानं कमीजास्त करता येतो का, हे आधी विचारा. येत नसेल तर तो कॅमेरा दुकानातच राहू द्या.

जय भीम!